उत्तरेच्या अंगानं

मित्रांबरोबर सहलीला जाऊ नये असं माझं मत नाही. माझं मत एवढंच आहे की ज्या ठिकाणी आपण जाऊन आलो असं अठरा वर्षं सांगत आलो, त्या ठिकाणी पहिल्यांदा जाताना मित्रांना बरोबर घेऊ नये. हे मत बनायला मला एक अख्खा आठवडा, एक जीप आणि एक शेळी लागली.

मी, नृसिंह पाठक, नगरच्या एका हायस्कुलात भूगोल शिकवतो. आठवीच्या पुस्तकात सह्याद्रीचा धडा आहे आणि त्या धड्यात कळसूबाई आहे. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर, आणि तेही आपल्याच जिल्ह्यात, अकोले तालुक्यात. मी शिकवायला लागलो तेव्हा त्याची उंची पाच हजार चारशे फूट होती. पुढे मेट्रिक पद्धत आली आणि ती सोळाशे शेहेचाळीस मीटर झाली. मला शिखर थोडं खचल्यासारखं वाटलं, पण सरकारपुढे भूगोलाचं काही चालत नाही.

नोकरीच्या पहिल्याच वर्षी वर्गात कुणीतरी विचारलं, सर, तुम्ही पाहिलंय का हे शिखर? तास संपायला पाच मिनिटं होती. 'नाही' म्हटलं असतं तर ती पाच मिनिटं कशी काढायची हा प्रश्न होता, म्हणून मी 'हो' म्हणालो. दुसऱ्या वर्षी 'पाहिलंय'चं 'चढलोय' झालं. तिसऱ्या वर्षी धुकं आलं, पाचव्या वर्षी त्या धुक्यात माझी वाट चुकली, आणि सन सत्तरपर्यंत मी माथ्यावर एक मुक्कामही करून मोकळा झालो होतो. वरचा वारा असा, मी सांगायचो, की आपण बोललेला शब्द आपल्याच कानाला ऐकू येत नाही, तो मागच्या मागे वाहून जातो. हे वाऱ्याचं मला फार आवडायचं. ते मी कुठे वाचलेलं नव्हतं, माझं मलाच सुचलं होतं. त्या तासाला शेजारच्या तुकडीतली मुलंही येऊन दाटीवाटीनं बसत, आणि एका स्नेहसंमेलनात हेडमास्तरांनी पाहुण्यांना माझी ओळख 'आमचे गिर्यारोहक' अशी करून दिली. मी मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला.

आता इतकी वर्षं मी खरोखरच का गेलो नाही, असं कुणी विचारील. नगरचा माणूस दुखलंखुपलं की पुण्याला जातो, कार्य असेल तर सासुरवाडीला जातो, आणि काहीच काम नसेल तर कापडबाजारात जातो. अकोले तालुका आपल्या जिल्ह्यात आहे हे त्याला मान्य असतं, पण तेवढ्यासाठी तिकडे जाण्याचं कारण त्याला दिसत नाही. खरी गोष्ट फक्त माझ्या पत्नीला, नीलांबरीला, ठाऊक होती. नगरजवळच्या चांदबिबीच्या महालाची टेकडी चढताना मी वाटेत दोनदा बसलो होतो, त्याची ती साक्षीदार आहे.

सत्तरच्या जूनमध्ये शाळेत पुंजाराम नावाचा नवा शिपाई आला. काळासावळा, अबोल माणूस. पाचव्या तासाला तो माझ्या वर्गाबाहेर स्टूल टाकून बसे. या माणसाबद्दल माझी एकच तक्रार होती, की मी सह्याद्री शिकवत असलो की त्याची घंटा उशिरा व्हायची. एकदा पाच मिनिटं, एकदा सात. वेळेच्या बाबतीत मी कडक आहे. मी हेडमास्तरांकडे लेखी तक्रार केली आणि पुंजारामला ताकीद मिळाली. तक्रार कुणाची हे त्याला सांगितलं गेलं नाही, आणि मीही सांगितलं नाही.

त्यानंतर एकदा तास संपवून बाहेर पडलो तर तो स्टुलावरून उठून उभा राहिला.

"गुरुजी, मी बारीचा. कळसूबाईच्या पायथ्याचा," तो म्हणाला. "तुमी कोन्या अंगानं चढल्ता?"

भूगोलाच्या शिक्षकाला दिशा विचारली की उत्तर आपोआप येतं. मी म्हणालो, "उत्तरेच्या अंगानं."

पुंजाराम जरा वेळ माझ्या चपलांकडे बघत राहिला. मग "बरं" म्हणून घंटा द्यायला गेला.

इथपर्यंत सगळं आटोक्यात होतं. पण त्याच सुमारास आमच्या शामकांत देव वकिलांनी लष्कराच्या लिलावात एक जुनी जीप घेतली. शामकांत माझा शाळासोबती, भिंतीला भिंत लागून राहणारा. जीप मोडीत काढलेली होती. ती का मोडीत काढली हे लष्कराला ठाऊक होतं आणि शामकांतला ठाऊक नव्हतं, म्हणूनच व्यवहार झाला. लष्करी हिरवा रंग खासगी गाडीला चालत नाही, तो बदलल्याशिवाय आरटीओत पासिंग नाही, असं कळल्यावर त्यानं ती रंगवायला टाकली. रंगाऱ्याकडे पांढरा रंग शिल्लक होता, म्हणून जीप पांढरी झाली. आमचा तिसरा मित्र गहिनीनाथ, बांधकाम खात्यात ओव्हरसियर, मूळचा पाथर्डीकडचा. त्यानं जीपभोवती एक फेरी मारून सांगितलं की इंजिन ठीक आहे, बाकीचं देवाच्या हातात आहे.

मग आमच्या ओट्यावर बैठका सुरू झाल्या. दिवाळीच्या सुटीचा शेवटचा आठवडा धरायचा, सोमवारी निघायचं, रविवारी परत. भंडारदऱ्याचं पाणी, रंधा धबधबा, वाटेतले घाट, आणि शेवटी कळसूबाई. सात दिवस नुसती हिरवाई बघायची. नगरच्या माणसानं हिरवाईसाठी सात दिवस काढणं ही गोष्टच नवी होती. वाट दाखवायला नृसिंह आहेच, असं दोघांनीही मला न विचारता ठरवून टाकलं. त्याच बैठकीत खरं सांगून मोकळं व्हायला हवं होतं. पण आतून नीलांबरी पोहे घेऊन आली, आणि तिच्या देखत मला ते जमेना. तिनंही बशी माझ्यापुढे ठेवताना "यांना वाट पाठ आहे हो" एवढंच म्हटलं आणि आत गेली. मी रात्री जागून नकाशा काढला. तीन रंगांत, समोच्च रेषांसकट. इतका सुरेख नकाशा मी आयुष्यात काढला नव्हता. ज्यानं तो पाहिला त्यानं मी तिथे गेलो नसेन अशी शंकाही घेतली नसती.

भंडारदऱ्याच्या विश्रामगृहासाठी एका कचेरीत अर्ज करावा लागला. अर्जात 'प्रवासाचे प्रयोजन' असा रकाना होता. मी सुवाच्य अक्षरात 'निसर्गदर्शन' लिहिलं. अर्ज परत आला, शेरा होता की सदर प्रयोजन मंजूर यादीत नाही. गहिनीनाथला खात्याचा अनुभव. त्यानं 'पाहणी' लिहायला सांगितलं. त्यावर विचारणा आली की कशाची पाहणी, कोणाच्या आदेशाने. मी निसर्गाची, असं कळवलं. आदेशाचा रकाना रिकामा सोडला. शेवटी परवानगी मिळाली, पण ती उलटून गेलेल्या तारखांची होती. शामकांत म्हणाला कायद्यानं आपण तिथे राहून आलोच आहोत, आता परत जायची गरज नाही.

जीप निघणार ही बातमी गल्लीत फुटली आणि शेजारी सल्ले द्यायला येऊ लागले. प्रत्येक सल्ल्याबरोबर एक पिशवी असे. समोरच्या अंबिकाकाकूंनी, ज्या स्वतः कधी भिंगारच्या पलीकडे गेल्या नव्हत्या, घाटात गाडी कशी चालवावी हे शामकांतला अर्धा तास समजावलं आणि जाता जाता कोल्हारला दिलेल्या लेकीसाठी फराळाचा डबा ठेवला. कुणी उशी दिली, कुणी पाटा दिला, कुणी वरवंटा दिला. पाटा आणि वरवंटा वेगवेगळ्या घरांचे होते आणि वेगवेगळ्या गावांना जायचे होते. शामकांतच्या आईनं सांगितलं की नवी गाडी आधी मोहट्याच्या देवीला नेली पाहिजे. मी नकाशा उलगडून त्यांना नम्रपणे दाखवलं, की मोहटा पूर्वेला आहे आणि आम्हाला पश्चिमेला जायचंय. त्यांनी नकाशा पाहिला, सुरेख काढलाय म्हणाल्या, आणि मोहट्याला खणानारळ न्यायला विसरू नका म्हणाल्या. गहिनीनाथ खूश झाला, कारण तिथून त्याचं गाव चार मैलांवर.

शाळेला सुटी लागली त्या दिवशी पुंजाराम एक छोटं बोचकं घेऊन घरी आला. तुमी तिकडं जाताय असं कळलं, म्हणाला, एवढं माझ्या आईला द्या, राहीबाई नाव, बारीत कोनीबी सांगंल. बोचक्याला त्यानं सात-आठ गाठी मारल्या होत्या. ते मी सीटखाली अगदी मागे सरकवून दिलं. एवढ्या सगळ्या सामानात तेच एक मला जड वाटत होतं.

निघायच्या आदल्या दिवशी मला एक कल्पना सुचली, आणि ती मी अमलातही आणली, याचं मला आजही वाईट वाटतं. मोहिमेला काही चिन्ह असावं म्हणून मी जीपच्या दोन्ही अंगांना लाल रंगात मोठा त्रिकोण काढला. तो कळसूबाईचा होता. मी फळ्यावर काढतो तसाच.

सोमवारी पहाटे पाचला निघायचं होतं, ते नऊला निघालो. देवीचं दर्शन नीट झालं. त्यानंतरच्या पहिल्याच गावात शिरलो तेव्हा पाराशी दहा-बारा माणसं बसली होती. आम्ही थांबेपर्यंत पारावर एकच म्हातारा उरला, बाकीचे ज्वारीत शिरले. पुढच्या गावातही तेच झालं. तिसऱ्या गावात एका बाईनं दारातूनच ओरडून सांगितलं की आमच्या घरी गडीमाणूस न्हाई, डाक्तर, पुढं जा. तेव्हा कुठे आमच्या डोक्यात प्रकाश पडला. पांढरी जीप, लाल त्रिकोण, त्यात तीन शिकलेसवरलेले पुरुष. कुटुंबनियोजनाची गाडी शस्त्रक्रियेला माणसं उचलायला आली असंच लोकांना वाटत होतं. त्यांचा त्रिकोण खाली टोकाचा असतो आणि आमचा वर टोकाचा आहे, हा फरक मी दोन गावांत समजावून सांगितला. पण ज्वारीत लपलेल्या माणसाला भूमिती समजावणं अवघड असतं. रंग खरवडायला गेलो तर निघेना. माझं हे एकच काम त्या जीपवर पक्कं झालं होतं.

गहिनीनाथच्या घरी त्याचे वडील भिमाजी यांनी आम्हाला ठेवून घेतलं. एका रात्रीसाठी म्हणून थांबलो. सकाळी निघायची गोष्ट काढली की ते म्हणायचे, शुक्रवारी घोडेगावचा बाजार हाय, मला एक शेळी घ्यायचीय, गाडी आलीच हाय तर तेवढं करून जा. मंगळवार गेला, बुधवार गेला. तिथे खाणंपिणं, माणसं, सगळं गोड होतं, नाही म्हणायला जागा नव्हती. मी बांधावर बसून पश्चिमेकडे बघत असे. समोर सपाट माळ, त्याच्या पलीकडे आणखी सपाट माळ. शामकांत येऊन विचारायचा, नृसिंहा, तुझं ते शिखर इथून कुठल्या दिशेला? मी दाखवायचो. मनातून मला, खोटं कशाला बोलू, बरंच वाटत होतं. आठवडा असाच संपला तर अठरा वर्षांची एकोणीस होतील आणि काही बिघडणार नाही. फक्त सीटखालच्या त्या बोचक्याची आठवण आली की मी जागेवरून उठायचो.

शुक्रवारी घोडेगावला भिमाजींनी चाळीस शेळ्या नाकारून एकेचाळिसावी घेतली. ती सोनईला गहिनीनाथच्या बहिणीकडे पोचवायची होती. शेळीनं नकाशा खाल्ला असं शामकांत अजून लोकांना सांगतो, ते खरं नाही. शेळी समजूतदार होती. नकाशा गहिनीनाथनं तिच्याखाली अंथरला, कारण जीपमध्ये तेवढा मोठा दुसरा कागद नव्हता. सोनईपर्यंत माझ्या समोच्च रेषांचं जे व्हायचं ते झालं.

शनिवारी कोल्हारला अंबिकाकाकूंच्या लेकीनं डबा उघडून, चिवडा मऊ पडलाय म्हणून आमच्याकडे बघितलं. पाटा आणि वरवंटा आपापल्या गावी गेले. संगमनेरच्या अलीकडे जीप बंद पडली. ती चालू करायला कुणी पुढे येईना, कारण जीपवर त्रिकोण होता. शेवटी एका ट्रकवाल्यानं, माझी चार पोरं झाली, आता मला भ्या न्हाई, असं म्हणून बॉनेट उघडलं. रात्र संगमनेरला काढून रविवारी सकाळी अकोले गाठलं तेव्हा मी म्हणालो, आता परत फिरू, उद्या शाळा आहे, मी एका दिवसाचीही विनापरवानगी रजा आजवर घेतलेली नाही. गहिनीनाथ म्हणाला, ते बोचकं द्यायचंय ना. एवढंच म्हणाला, आणि शामकांतनं गाडी राजूरच्या रस्त्याला घातली.

राजूर सोडलं आणि डोंगर अंगावर यायला लागले. हिरवे, निळे, एकामागे एक. त्यात पाण्याच्या रेघा. शिकवताना मी हे सगळं इतक्यांदा सांगितलं होतं, आणि ते इतकं मोठं असेल असं मला एकदाही वाटलं नव्हतं. शामकांतनं विचारलं, यातलं कळसूबाई कुठलं? मी जो सगळ्यांत टोकदार दिसला त्याच्याकडे बोट केलं.

बारीत राहीबाईचं घर लगेच सापडलं. साठीची काटक म्हातारी, अंगणात नाचणी पाखडत होती. मी पुंजारामच्या शाळेतला गुरुजी, हे ऐकताच तिनं सूप खाली ठेवलं, आम्हाला घोंगडी अंथरली, पाणी दिलं. शामकांतनं आपलं सहज विचारलं, मावशी, कळसूबाई कुठली? तिनं न वळता अंगठा खांद्यावरून मागे केला. घराच्या पाठीशीच होती. मी दाखवला तो डोंगर रस्त्याच्या दुसऱ्या अंगाला होता. शिखराचा त्रिकोण वगैरे काही नव्हता. अवघडून उभी राहिलेली, एका अंगाला कललेली, टप्प्याटप्प्यानं वर जाणारी अशी ती दिसत होती. मी जीपवरच्या त्रिकोणाकडे पाहिलं. गहिनीनाथनं सीटखालून बोचकं काढून राहीबाईपुढे ठेवलं.

राहीबाईनं दातांनी बोचक्याच्या गाठी सोडवल्या. आत एक लुगडं, गुळाचा खडा आणि घडी केलेली चिठ्ठी. तिला वाचता येत नव्हतं. गावातले मास्तर चिठ्ठ्या वाचून दाखवत, पण ते दिवाळीला घरी गेले होते. "तुमी हायतच की गुरुजी," असं म्हणून तिनं चिठ्ठी माझ्या हातात दिली आणि पदर सावरून समोर बसली.

मी खड्या आवाजात सुरुवात केली. तीर्थस्वरूप आईचे सेवेसी बालक पुंजारामचे शिरसाष्टांग नमस्कार. लुगडं पाठवलं आहे, ते सणाची वाट न बघता नेसावं. माझी प्रकृती बरी आहे. खोकला गेला. घंटा उशिरा दिली म्हणून मला ताकीद मिळाली, पण काळजी करू नये, नोकरी पक्की आहे. इथे माझा आवाज जरा खाली आला. आणि मग डोळे पुढच्या ओळीवर गेले, आणि मी थांबलो. "बाकी सगळं ठीक आहे," असं मनचं जोडून मी चिठ्ठीची घडी घातली.

राहीबाई हसली. "आजून लिव्हलेलं दिसतंय की खाली, गुरुजी. मला वाचता येत न्हाई, पन दिसतंय."

शामकांतनं चिठ्ठीसाठी हात पुढे केला. वकील माणूस, अर्धवट वाचलेला कागद त्याला सहन होत नाही. माझ्या मनात आलं, दुसऱ्यानं वाचण्यापेक्षा आपण वाचलेलं बरं. मी घडी उलगडली. वाचलं ते असं:

"ही चिठ्ठी आणणारे पाठक गुरुजी आपला डोंगर शिकवतात. मी दाराबाहेर बसून ऐकतो. त्यांनी डोंगर पाहिलेला नाही. उत्तरेच्या अंगानं चढलो म्हणतात, त्या अंगाला कडा आहे. पण सांगतात असं की मला घरी आल्यासारखं वाटतं. वरच्या वाऱ्याचं सांगतात ते तर अगदी खरं आहे, ते त्यांना कसं कळलं देव जाणे. तास संपू नये म्हणून त्या दिवशी घंटा मी मुद्दाम उशिरा देतो, ताकीद त्याचीच आहे, कुणी तक्रार केली ठाऊक नाही. बोचकं दिल्याशिवाय ते यायचे नाहीत म्हणून दिलं आहे. लुगडं मी संक्रांतीला आणणारच होतो. त्यांना वर घेऊन जा. काही विचारू नको, त्यांना लाज वाटेल."

कोंबड्या सांडलेली नाचणी टिपत होत्या. मी इतका शरमलो होतो की चिठ्ठीची घडी मला घालता येईना. अठरा वर्षांचं खोटं उघडं पडलं याची शरम होतीच. त्याहून जास्त, तक्रार माझी होती, याची.

मी राहीबाईला सांगितलं, "मावशी, ती तक्रार मी केली होती."

तिनं माझ्याकडे बघितलं, चिठ्ठी हातातून घेतली आणि चोळीत खोचली. "मग उद्या लौकर उठा," ती म्हणाली. "ऊन चढायच्या आत वर गेलं पायजे."

गहिनीनाथ घसा खाकरून म्हणाला, "उत्तरेला कडा आहे हे मला माहीत होतं. आमच्या खात्यात भिंतीवर नकाशा लावलाय. मी म्हटलं, तू सांगतोस तर असेल एखादी वाट." शामकांत म्हणाला, त्यालाही नीलांबरीवहिनींनी तीन वर्षांपूर्वीच सांगितलं होतं. म्हणजे माझं गुपित सगळ्या नगरनं माझ्यापासून जपून ठेवलं होतं. एवढ्या जणांनी आपल्याला सांभाळून घेतलंय हे कळल्यावर रागवायचं कुणावर ते मला समजेना.

सोमवारी, शाळा उघडण्याच्या दिवशी, मी आयुष्यात पहिल्यांदा विनापरवानगी गैरहजर राहिलो. त्या वेळी मी कळसूबाईच्या दुसऱ्या टप्प्यावर एका दगडावर बसलो होतो. शामकांत पहिल्याच टप्प्यावर बसला होता आणि गहिनीनाथ त्याच्या सोबतीला थांबला होता. राहीबाई नवं लुगडं नेसून, हातात नारळ घेऊन अनवाणी पुढे चालली होती. नवरात्रात ती रोज चढते, म्हणाली, नऊ दिवस नऊ वेळा. मी किती वेळा बसलो ते सांगत नाही. प्रत्येक वेळी ती थांबायची आणि माझ्याकडे न बघता डोंगराकडे बघत उभी राहायची, म्हणजे मला लाज वाटू नये.

माथ्यावर देवीचं लहानसं देऊळ आहे. तिथे पोचलो आणि वारा आला. मी राहीबाईला काहीतरी म्हणालो. काय म्हणालो ते मलाच ऐकू आलं नाही. मी परत म्हणालो, मोठ्यानं, तरी ऐकू आलं नाही. ती नुसती हसत मान हलवत होती. मला एकदम रडू आलं. तेही कुणाला ऐकू आलं नाही.

मंगळवारी शाळेत गेलो तर टेबलावर ज्ञापन होतं. विनापरवानगी गैरहजेरीबद्दल लेखी खुलासा चोवीस तासांत सादर करावा. मी तिथेच बसून लिहिला: 'दि. २३ रोजी कळसूबाई शिखर चढण्यास गेलो होतो. यापूर्वी कधीही गेलो नव्हतो, सबब उशीर झाला. तसेच घंटेबाबत मी केलेली तक्रार मागे घेत आहे. ती घंटा योग्य वेळी होत होती. शिपायास दिलेली ताकीद रद्द व्हावी ही विनंती.'

कागद न्यायला पुंजारामच आला. मी तो घडी न घालता त्याच्या हातात दिला. त्यानं उभ्या उभ्या सगळा वाचला आणि खालची सही बघितली. मी आता काय ऐकावं लागेल म्हणून वाट बघत होतो.

"कोन्या अंगानं चढलात, गुरुजी?" त्यानं विचारलं.

"तुझ्या आईच्या मागून," मी म्हणालो.

"मंग बराबर वाटनं गेलात," असं म्हणून तो कागद घेऊन हेडमास्तरांकडे गेला.

सह्याद्रीचा धडा दिवाळीआधीच शिकवून झाला होता, तरी पाचव्या तासाला मी तो पुन्हा काढला. आधी मुलांना दोन वाक्यांत खरं काय ते सांगितलं, फळ्यावरचा त्रिकोण पुसला, आणि बारीच्या अंगानं चढायला लागलो. पुंजारामचं स्टूल मी उंबऱ्याच्या आत ठेवून घेतलं होतं. त्या दिवशी घंटा बरीच उशिरा झाली, आणि तेव्हासुद्धा मी वाऱ्यापर्यंत पोचलो नव्हतो.